टेलर काका, सुईची भोकं तुम्ही दाखवलीत

आदरणीय टेलर काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचा नातू हे पत्र मोबाईलवर वाचून दाखवतो म्हणाला, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते आहे. दुकानात येऊन दोनदा आभार मानायला गेले, पण तुम्ही "हाव हाव, राहू दे" म्हणत कात्री हातात घेता आणि विषय तिथेच संपतो. या वेळी संपू देणार नाही. आमच्याकडून पाळीचे कापडी पॅड घेणाऱ्या बायांनाही कळायला हवं की त्या शिवणीमागे कोणाची नजर आहे.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी तुम्हाला आठवत असेल. बचत गटातून तीस हजारांचं कर्ज उचललं होतं. आम्ही पाच जणी, दोन मशीन. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं तसंच शिवत होतो: वर फ्लॅनेल, मधे टर्किशचे तीन थर, खाली पाणी न झिरपणारं पीयूएल कापड, आणि सगळं एकत्र धरून मधोमध दोन उभ्या टिपा. दिसायला देखणे होते. तीन गावांत मिळून ४८ पॅड विकले आणि आम्हाला वाटलं, जमलं.

मग वेचणी सुरू झाली. कापूस वेचणाऱ्या बाईचा दिवस तुम्हाला सांगायला नको. सकाळी वावरात शिरली की दिवस मावळेपर्यंत वाकलेली, पोटाशी कापसाचं ओझं, आणि मैलभर आडोसा नाही. पॅड बदलायचा तो घरी आल्यावरच. प्लास्टिकचे पॅड घामाने मांडीला लागतात, आणि वापरलेला टाकायचा कुठे, तर धुऱ्यावर नाहीतर नाल्यात. म्हणून तर कापडी पॅड तिच्या उपयोगाचा, असं मी दारोदार सांगत फिरले होते. माझ्या त्या सांगण्यावर विश्वास ठेवून एक बाई आमचा पॅड लावून वेचायला गेली आणि सगळ्या मजुरांसमोर तिची साडी मागून भिजली. संध्याकाळी आमच्या दारात आली, चार पॅड ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "पैसे राहू दे वो, पण दुसऱ्या कोण्या बाईले हे देऊ नको."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पॅडवर मी आणखी दोन-दोन टिपा मारल्या. पक्के होतील असं वाटलं. ते आणखीच गळायला लागले.

तुमच्याकडे मी खरं तर मशीनचं टायमिंग बसवायला आले होते. पॅड पिशवीत खाली दडवून ठेवला होता. मशीन कशावर अडते ते पाहू म्हणून तुम्ही कापड मागितलंत, आणि मी गप्प. तेव्हा तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "काहून लाजून राहिली? चाळीस वर्षं बायाईच्या पोलक्याचं माप घेऊन राहिलो. हेही कापडच होय."

तुम्ही तो पॅड उसवलात. खालचं कापड दोन्ही हातांत ताणून दाराच्या उजेडाकडे धरलंत. उजेडाचे बारीक ठिपके, दोन सरळ रांगांत. मग पेल्यातलं पाणी त्यावर ओतलंत आणि आपण दोघं बघत राहिलो. एकेका भोकातून थेंब फुगत गेला आणि खाली पडला. "जेथून सुई गेली तेथून पाणी जाते, पोरी. तू डबल टीप मारली म्हणजे डबल भोकं पाडली." तुम्ही गाड्यांच्या रेक्झिनच्या सीटा शिवता, ताडपत्र्या जोडता, हे मला माहीत होतं. पण ती विद्या माझ्या पॅडला लागू पडेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शिकवणाऱ्यांच्याही नाही.

त्या दुपारी तुम्ही जे शिकवलंत तेच आम्ही आजही करतो. टर्किशचे थर फक्त वरच्या फ्लॅनेलला शिवायचे. पीयूएल शेवटी, सुलट बाजू आत ठेवून, फक्त कडेने. मग उलटवून काठावर एक टीप. मधे सुई न्यायचीच नाही. टिच बटणं पंखांवरच. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा स्वतःच ओल ओढून बाहेर आणतो. मशीनचा पाय कापडाला चिकटला तर खाली वर्तमानपत्राची पट्टी. आणि माझी टाचण्यांची डबी तुम्ही उचलून फळीवर ठेवून दिलीत, "टाचणीचंही भोकच होय," आणि वाळवणाचे चिमटे हातात दिलेत. टायमिंगचे साठ रुपये घेतलेत. शिकवण्याचे विचारले तर रागावलात.

भोकं पडलेलं पीयूएल पुन्हा वापरता येत नाही, ते गेलंच. विकलेले ४८ पैकी ४१ पॅड आम्ही घरोघरी जाऊन परत आणले आणि नवे शिवून दिले. वर्षभर कर्जाचा हप्ता जड गेला. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी २०१८च्या जुलैत गेला, पण आमच्यासारखीला कच्चं कापड घेताना तो भरावाच लागतो. तरीही परत आणले ते बरंच केलं. ती ओट्यावर पॅड ठेवून गेलेली बाई आज तिच्या दोन्ही सुनांसाठी आमच्याकडूनच नेते.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत. कापडी पॅड आधी थंड पाण्यात भिजवायचा, गरम पाण्याने डाग पक्का होतो, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचा, एवढं आम्ही चित्रं काढून प्रत्येक पिशवीत घालतो. थंड पाणी सगळ्यांना पटतं. ऊन पटत नाही. साडीखाली, न्हाणीत, पलंगामागे वाळवतात, आणि ओलसर पॅडने खाज सुटली की दोष कापडाला. त्या वर्षी बाजाराच्या दिवशी तुम्ही काही न बोलता आमचे सहा पॅड दुकानाच्या दोरीवर पोलक्यांच्या आणि पायजम्यांच्या मधे लावलेत. कोणी विचारलं की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून सांगायचात, "बायाईच्या उपेगाचं होय, तिले विचारा." काही जण हसले. तुमचे एक जुने गिऱ्हाईक कापड परत घेऊन गेले, तेही मी पाहिलं. तुम्ही दोरी काढली नाहीत. त्या दिवशी १७ पॅड गेले, पण मला आठवते ती एक म्हातारी, जी नुसती उभी राहून त्या दोरीकडे बघत होती आणि काही न घेता गेली.

एकत्र कुटुंबातल्या सुनेला मी आजही म्हणत नाही की अंगणातच वाळव. तिचं तिला माहीत. पण सांगताना तुमची दोरी सांगते.

पुन्हा वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७५१४ हे मानक २०२१मध्ये आलं. प्रयोगशाळेचा खर्च अजून आम्हाला झेपत नाही, म्हणून मानकाचं नाव आम्ही पिशवीवर घालत नाही. पण प्रत्येक नव्या ताग्यातला पहिला पॅड तुमच्यासारखाच पेल्याखाली धरतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. नातवासोबत एक नमुना पाठवला आहे. पावसाळ्यात जाड पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून हा उलगडणारा शिवला आहे, टर्किशची घडी आतून वेगळी निघते. काठाची टीप मला थोडी आत गेल्यासारखी वाटते. उजेडाकडे धरून पाहा आणि काय ते कळवा.

तुमची,
पाच जणींच्या वतीने,
साठ रुपयांत मशीन बसवून घेतलेली पोरगी