फ्लशला पेंचचं पाणी: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी नागपुरात मनीषनगरला 12 फ्लॅटच्या एका सोसायटीचा सचिव आहे. म्हणजे टँकर बोलावणे, मोटर जळली की सगळ्यांचं ऐकून घेणे आणि टाकी भरली का ते गच्चीवर चढून बघणे, ही माझी कामं. त्या टाकीतून एक पाइप स्वयंपाकघरात उतरतो, दुसरा संडासाच्या फ्लशला. पाणी दोन्हीकडे तेच: पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणात साठलेलं, नवेगाव खैरीच्या जलाशयातून आणलेलं, गोरेवाड्याला शुद्ध केलेलं.

शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर फ्लशचं. तिसरा हिस्सा! आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी काही त्यापेक्षा कमी निघत नाही. ते फ्लशला वळवावं, एवढा साधा विचार करून मी प्लंबरला बोलावलं. त्याने डक्टमध्ये डोकं घातलं, मग खाली जाऊन चेंबरचं झाकण उचललं. एका तोंडातून साबणाचा फेस येत होता, दुसऱ्यातून मैला, आणि दोन्ही तिथेच एक होत होते. वर फ्लशला वेगळी लाइनही नव्हती. "टाइल फोडा लागन साहेब, बाराही घरच्या," तो म्हणाला. सोसायटीच्या सभेत हा विषय मी काढला नाही. माझीही हिंमत नव्हती.

सध्या आमच्याकडे जे चालतं ते बादलीवर. वॉशिंग मशीनचं शेवटच्या खंगाळणीचं पाणी बादलीत धरायचं आणि पार्किंग धुवायचं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मोरीचं पाणी परसात केळीला आणि कर्दळीला जायचं. तिथे कोणी त्याला पुनर्वापर म्हणत नव्हतं.

2019 च्या जुलैत तोतलाडोह आटलं आणि नागपूरला दिवसाआड पाणी आलं. ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. पुन्हा आमच्याकडे मे महिन्यात कूलरही पाणी पितो, आणि त्यात साबणाचं पाणी चालत नाही. वास सुटतो, पॅडवर थर बसतो. म्हणून चांगलं पाणी कूलरला राहू द्या, फ्लशचं तेवढं सोडवा.

भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला चालतं. नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं मुख्यालय आमच्याच शहरात आहे, आणि झाडांच्या मुळांकडून सांडपाणी साफ करून घेणारी त्यांची फायटोरिड पद्धत काही आजची नवी नाही. तंत्र कमी नाही, दुसरा पाइप कमी आहे.

2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गृहसंकुलांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट आहे. आमच्यासारख्या बारा-सोळा फ्लॅटच्या इमारती त्यातून सुटतात, आणि बेसा, हुडकेश्वरकडे बघा, गल्लोगल्ली त्याच उभ्या राहताहेत. त्यांच्यावर प्रक्रिया केंद्र लादा असं मी म्हणत नाही. बांधकाम चालू असताना दोनच गोष्टी सक्तीच्या करा. आंघोळ आणि कपड्यांच्या पाण्याचा पाइप जमिनीपर्यंत मैल्यात न मिसळता यावा. आणि फ्लशसाठी वरून वेगळी लाइन, वेगळ्या रंगाची, म्हणजे उद्या कोणी चुकून पिण्याच्या नळाला जोडणार नाही. भिंती उघड्या असताना हा खर्च किरकोळ आहे. गाळणी आणि टाकी सोसायटी पुढे सवडीने बसवेल.

तपासणीही कागदावर नको. पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्यांचं काय झालं ते आपण जाणता. नकाशात असतात, जागेवर गाडी उभी असते. भोगवटा प्रमाणपत्राआधी अभियंत्याने एका न्हाणीत रंगीत पाणी ओतावं आणि खाली कोणत्या चेंबरात निघतं ते बघावं. दहा मिनिटांचं काम आहे.

नियम करताना स्वयंपाकघराचं खरकटं पाणी यातून वगळा, तेलाने गाळणी तुंबते. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणीही नको. आणि हे पाणी दिवसभरापेक्षा जास्त साठवू नये, नाहीतर असा वास सुटतो की लोक महिन्याभरात जोडणी तोडतील.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर कालच पायव्याची आखणी झाली. तिथले पाइप अजून पडायचे आहेत.

आपला,
एका सोसायटीचा सचिव,
मनीषनगर, नागपूर