उत्तरायणाआधी जखमी पक्ष्यांसाठी कोरडी खोली हवी : बडोदेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, आता पतंगांची दुकानं लागतील. दरवर्षी १४ आणि १५ जानेवारीला मांज्याने कापलेल्या घारी, काळे शराटी, बगळे, पारवे आमच्या पक्षी-उपचार केंद्रात येतात. त्या दोन दिवसांत पंख शिवायला डॉक्टर असतात, धावपळीला पोरं असतात, चहासुद्धा शेजारून येतो. खरी अडचण पुढे सुरू होते. टाके भरून आलेली घार काही दिवसांनी खाणं सोडते, चोच उघडी टाकून श्वास घेते, श्वासागणिक तिची शेपटी वर-खाली होते, छातीचं हाड हाताला टोचू लागतं. मांज्यातून वाचलेला पक्षी फुफ्फुसातल्या बुरशीने जातो.

या रोगाला ॲस्परजिलोसिस म्हणतात. जर्मनीत फ्रेसेनियस या शास्त्रज्ञाने १८६३ मध्येच माळढोकाच्या जातकुळीतल्या एका पक्ष्याच्या श्वसनमार्गात ही बुरशी पाहून तिचं वर्णन केलं होतं. ओला पेंढा, बुरसलेलं धान्य, कुजका पाला, जिथे ओल तिथे ती. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे. तुम्ही-आम्ही ते रोज श्वासात घेतो आणि बहुतेकांना काही होत नाही. पक्ष्यांची रचना वेगळी. त्यांच्या फुफ्फुसांना पातळ पिशव्या, म्हणजे वायुकोश, जोडलेले असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. तिथे रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे बीजाणूंना अडवणारंही फारसं कोणी नाही आणि औषधही धड पोचत नाही. अंगात ४०-४२ अंशांची ऊब असते, ती या बुरशीला मानवते. त्यात पक्षी जखमी, घाबरलेला, पिंजऱ्यात कोंडलेला. शवविच्छेदनात वायुकोशाचा एरवी आरपार दिसणारा पडदा जाड, पिवळट झालेला असतो आणि आत शिळ्या पावावर चढते तशी हिरवट-करडी लव.

पावसाळ्यात काहींनी विचारलं, मेलेल्या बेडकांतही हीच बुरशी का? जगभर बेडकांच्या मुळावर आलेली कायट्रिड बुरशी कातडीची आहे, फुफ्फुसाची नव्हे. रानउंदरांच्या फुफ्फुसात फुगून बसणारी बुरशी आणखी तिसरीच. २०२१ मधल्या काळ्या बुरशीशीही हिचा संबंध नाही. आजारी घारीकडून दुसऱ्या घारीला किंवा माणसाला ही लागत नाही. सगळ्यांना ती ओलीतूनच येते. तरीही दमेकरी आणि स्टेरॉइड घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी पिंजरे साफ करायला येऊ नये, फोनवर बसावं. तिथेही माणसं कमीच पडतात.

आमची खोली पत्र्याची आहे. पावसाळ्यात भिंतींना आलेली ओल चुना मारून झाकता येईल, पण जाणार नाही. म्हणून पहिला खर्च छताचा आणि भिंतींच्या वॉटरप्रूफिंगचा, मग दोन एक्झॉस्ट पंखे, तळाला जाळी असलेले पिंजरे आणि एक नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं यंत्र. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात आणि दुसरं महाग आहे. पण लक्षणं दिसेपर्यंत रोग बहुधा फार पुढे गेलेला असतो, त्यामुळे औषधांआधी खोली, असं आम्ही ठरवलं आहे.

पैसे देणं जमत नसेल तर जुनी, कोरडी वर्तमानपत्रं द्या. गुजराती असोत की मराठी, घारीला फरक पडत नाही. धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती चादरी चालतील. पेंढा, गवत, गोणपाट मात्र कितीही प्रेमाने आणलंत तरी आम्ही परत पाठवू. हाथीखान्यातल्या व्यापाऱ्यांना हात जोडून विनंती, भिजून वास आलेलं धान्य ‘पक्ष्यांना चालेल’ म्हणून देऊ नका. ते चबुतऱ्यावर चण, म्हणजे पक्ष्यांचे दाणे, म्हणूनही नको. खराब धान्य पक्ष्यांना घालण्यात पुण्य कसलं?

जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि लगेच केंद्रात किंवा वन विभागाकडे पोचवा. चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुफ्फुसात जातं. दूध-पाव तर मुळीच नको, घार मांस खाते.

वर्गणी मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत स्वीकारली जाईल. रकमेची अट नाही, पावती प्रत्येकाला मिळेल आणि खर्चाचा हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल. छताचं काम डिसेंबर संपायच्या आत उरकायचं आहे, तेव्हा शक्यतो या महिन्यातच या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, बडोदा