पुसण्याआधी थांब

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर रडवेली झाली होतीस आणि मी अर्धवट झोपेत होते. "नोट्सचं ॲप उघडतच नाही, सकाळी काढून टाकते आणि परत टाकते," असं तू म्हणालीस. "काढू नकोस, मी लिहून पाठवते," एवढंच मला सुचलं. दोन वर्षांच्या मुलाखतींच्या नोंदी त्या ॲपमध्ये आहेत, तुझा निम्मा प्रबंध त्यांच्यावर उभा आहे. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर त्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरू नकोस.

आधी जिवाला थोडा आराम दे. नोंदी गेल्या असं मानायला अजून काहीही कारण नाही. ॲप म्हणजे एक तर चालणारा प्रोग्राम आणि दुसरं म्हणजे त्यानं स्टोरेजवर लिहून ठेवलेल्या फाइली. बंद पडतो तो प्रोग्राम. तुझा फोन ज्यावर चालतो ती अँड्रॉइड सिस्टिम प्रत्येक ॲपला त्याची वेगळी खोली देते, एकाला दुसऱ्याच्या खोलीत शिरता येत नाही. ॲपसमोर अशी काही अडचण आली की जिचं उत्तर त्याच्या प्रोग्राममध्ये लिहिलेलंच नाही, तर सिस्टिम तेवढं एक ॲप बंद करते आणि बाकीचा फोन चालू ठेवते. फाइली सहसा जागच्या जागी राहतात. अनइन्स्टॉल केलंस तर मात्र ती खोलीच रिकामी होते. म्हणून मी काल घाबरले.

आता मला सांग, बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं? ॲप तपासायच्या माझ्या नोकरीत दिवसाची सुरुवात याच प्रश्नानं होते, कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना 'क्रॅश' म्हणतात. ॲप उघडलं आणि क्षणात गायब होऊन तू होम स्क्रीनवर परत आलीस, तर तो खरा क्रॅश. स्क्रीन तशीच राहिली, बोटाला दाद देईना आणि 'ॲप प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं' असा प्रश्न आला, तर ते मेलेलं नसतं, कशात तरी अडकलेलं असतं. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही की अँड्रॉइड हा प्रश्न विचारतं. अशा वेळी एकदा तरी 'थांबा' म्हणावं, कधी कधी मोठी फाइल उघडत असते. तिसरा प्रकार म्हणजे तू दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत आलीस आणि हे पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यात ॲपचा दोष असेलच असं नाही. रॅम, म्हणजे चालू कामापुरती फोनची स्मृती, कमी पडली की सिस्टिम मागे पडून राहिलेली ॲप स्वतःच बंद करते. तुझ्या बोलण्यावरून तुझा पहिला प्रकार वाटतो, पण खात्री करून घे. घड्याळ बघून दोनदा उघड आणि किती सेकंदांनी जातं ते लिहून ठेव.

आणि हे एकच ॲप जातंय की बाकीचीही? हे मी मुद्दाम विचारते. मार्च २०२१ मध्ये जगभर अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट कितीतरी ॲप उघडता उघडता बंद पडू लागली होती. दोष त्या ॲपमध्ये नव्हताच. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाचा एक भाग करतो, बिघाड त्यात होता. ज्यांनी जीमेल काढून परत टाकलं त्यांची मेहनत वाया गेली. वेबव्ह्यू आणि क्रोमचा अपडेट आला तेव्हा सगळं सुरळीत झालं. म्हणून एकाच दिवशी तीन-चार ॲप आजारी पडली, तर त्यांच्या मागे लागायचं नाही, त्या सगळ्यांच्या पायाखाली काय आहे ते बघायचं.

उलटंही होतं. ॲप ठणठणीत असतं आणि त्यातली एकच नोंद त्याला पाडते. फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट मी तुला कधी सांगितली होती का आठवत नाही. आयफोनच्या आयओएस ११ मध्ये तेलुगू लिपीतलं विशिष्ट रीतीनं टाइप केलेलं 'ज्ञा' हे जोडाक्षर समोर आलं की ते दाखवू पाहणारं ॲपच बंद पडायचं. आपण 'ज्ञान' लिहिताना जो 'ज्ञा' लिहितो तोच, फक्त तेलुगू वळणाचा. त्याच महिन्यात ११.२.६ हा अपडेट देऊन ॲपलनं तो दोष काढला. आपल्या लिप्यांमधली जोडाक्षरं मांडणं यंत्राला किती अवघड जातं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं आणि तेव्हापासून कुठलंही ॲप तपासताना मी त्यात क्ष, ज्ञ, त्र्य आणि अर्धा र असलेले शब्द आवर्जून टाकते. तू परवा एका मुलाखतीला बरेच फोटो जोडले होतेस ना? ॲप सुरू होताना शेवटची उघडी नोंद परत आणत असेल, तर तीच त्याच्या घशात अडकलेली असू शकते. हा संशय मनात ठेव. खरं-खोटं मात्र संगणकावरून कळेल, ते पुढे सांगते.

कारण माझा जास्त संशय दुसरीकडे आहे. तू पाठवलेले तिन्ही स्क्रीनशॉट मी सकाळी मोठे करून पाहिले. तिसऱ्यात, नोटिफिकेशनच्या गर्दीत अगदी तळाशी, स्टोरेजची जागा संपत आल्याची सूचना आहे. ती किती दिवसांपासून तिथे आहे? तू ती बाजूला सारत राहिली असशील, सगळेच सारतात. पण नोट्सचं ॲप उघडल्या उघडल्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये काहीतरी लिहितं. शेवटची उघडी नोंद, वेळ, सिंकची, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रतीशी जुळवून घेण्याची, खूण, असं काहीबाही. लिहायला जागाच मिळाली नाही तर ते लिहिणं फसतं. बनवणाऱ्यानं त्या प्रसंगाचा विचार केला असेल तर ॲप 'जागा नाही' असं सांगतं. केला नसेल तर तिथेच कोसळतं आणि दर वेळी उघडताना त्याच पायरीवर कोसळत राहतं. भरलेल्या फोनवर ॲप पाडून बघणं ही चाचणी माझ्या यादीत नेहमी असते, आणि चांगली चांगली ॲप तिच्यात नापास झालेली मी पाहिली आहेत.

तेव्हा फोनवरचं पहिलं काम जागा करायचं. मोठे व्हिडिओ आणि ग्रुपवर आलेल्या फाइली आधी संगणकावर घे, संगणकावर त्या उघडतात हे पाहा आणि मगच फोनवरून काढ. डाउनलोडचं फोल्डर विसरू नकोस, लोकांना ते आठवतच नाही. चार-पाच जीबी तरी मोकळी होऊ दे. मग फोन रीस्टार्ट कर. खरोखर बंद करून सुरू कर, नुसती स्क्रीन विझवून नाही. एवढ्यानंच ॲप उघडलं तर मला लगेच कळव.

नाही उघडलं, तर प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचा अपडेट आलाय का ते बघ. मग सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर जाऊन 'फोर्स स्टॉप' कर आणि पुन्हा उघड. त्याच पानावर स्टोरेज म्हणून भाग आहे, तिथे दोन बटणं शेजारी शेजारी असतात. एक कॅशे साफ करायचं आणि एक डेटा साफ करायचं. काही फोनवर दुसऱ्याला 'क्लिअर स्टोरेज' म्हणतात. कॅशे म्हणजे ॲपनं सोयीसाठी काढून ठेवलेल्या प्रती. त्या गेल्या तर पुन्हा तयार होतात, ते बटण तू दाबू शकतेस. डेटा म्हणजे तुझ्या नोंदी, लॉगिन, सेटिंग, सगळं. त्याला हात लावायचा नाही.

हे मी इतकं बजावते आहे कारण माझ्या हातून एकदा ते झालं आहे. तुझ्या आजोबांचा रक्तदाब मी रोज सकाळ-संध्याकाळ एका ॲपमध्ये लिहीत असे. चौदा महिने लिहिला. एक दिवस ते ॲप उघडेना. ऑफिसातल्या टेस्टिंगच्या फोनवर मी दिवसातून वीस वेळा डेटा साफ करते, तिथे तसंच करायचं असतं, दर चाचणी कोऱ्या ॲपवर. बोटांना ती वाट पाठ झालेली. सेटिंग, ॲप, स्टोरेज, आणि खालचा 'नक्की का?' हा प्रश्न न वाचताच मी 'हो' म्हटलं. ॲप लगेच उघडलं, छान पांढरंशुभ्र, 'पहिली नोंद करा' असं म्हणत. बॅकअप नव्हता. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी मागच्या वर्षभराचे आकडे मागितले. आजोबा एक शब्द बोलले नाहीत, त्यांनी एक वही आणून दिली आणि तेव्हापासून ते स्वतः लिहायला लागले. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून, मनू, काहीही साफ करण्याआधी किंवा काढण्याआधी नोंदींची एक प्रत फोनच्या बाहेर आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. संगणकावर ब्राउझरमधून त्या ॲपच्या खात्यात लॉगिन कर आणि सर्वांत नवी मुलाखत उघडून तिची शेवटची ओळ वाच. नोंदींची नावं दिसली म्हणून समाधान मानू नकोस, कधी कधी नाव पोचलेलं असतं आणि मजकूर पोचलेला नसतो. शेवटची ओळ दिसली तर सगळं तिथूनच फाइलमध्ये उतरवून घे. परवाची फोटोवाली नोंदही पोचली असेल, तर तिची प्रत घेऊन झाल्यावर ती संगणकावरून तात्पुरती काढून बघ आणि मग फोनवर ॲप उघड. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप आहे ना, असं म्हणशील. तो प्रत्येक ॲपसाठी २५ एमबीपर्यंतच असतो आणि ॲप बनवणाऱ्यानं तो बंदही ठेवलेला असू शकतो. दोन वर्षांच्या मुलाखतींची भिस्त मी त्याच्यावर टाकणार नाही.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे आयफोन आहे, तिलाही सांग. तिथे कॅशे साफ करायचं असं वेगळं बटण नसतं. पण 'आयफोन स्टोरेज'मध्ये ॲपवर गेल्यावर 'ऑफलोड' आणि 'डिलीट' असे दोन पर्याय दिसतात. ऑफलोड केलं की प्रोग्राम जातो आणि त्याच्या फाइली राहतात. डिलीटमध्ये दोन्ही जातात. अडलेल्या ॲपसाठी ऑफलोड करून परत घेणं हा खूप सौम्य उपाय आहे, अँड्रॉइड १५ पासून तिथेही ॲपच्या पानावर 'आर्काइव्ह' नावाचा तसाच पर्याय असतो.

एवढं करूनही जमलं नाही तर सेफ मोड. पॉवरचा मेनू आणून 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की बहुतेक फोन सेफ मोडबद्दल विचारतात. त्यात तू टाकलेली ॲप बंद राहतात, त्यामुळे नोट्सही उघडणार नाहीत. पण एरवी अडखळणारा फोन तिथे नीट चालला, तर नव्यानं आलेलं कुठलं तरी ॲप बाकीच्यांच्या पायात येतंय हे कळतं. मग सर्वांत अलीकडे टाकलेल्यापासून एकेक काढून बघायचं.

'फोन स्वच्छ करतो', 'वेग वाढवतो' म्हणणारी ॲप घेऊ नकोस. मागची ॲप बंद करत राहणं एवढंच त्यातली बरीचशी करतात, आणि ते काम सिस्टिम गरजेपुरतं स्वतः करतेच. मदतीसाठी नेटवर नंबर शोधून फोन तर मुळीच करू नकोस. समोरचा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला, तर त्याच क्षणी फोन ठेव. अशा माणसाला तुझ्या नोंदींशी काही देणंघेणं नसतं, त्याला तुझे ओटीपी बघायचे असतात.

ॲप बनवणाऱ्यांना मात्र जरूर लिही. 'तुमचं ॲप चालत नाही, लवकर दुरुस्त करा' अशी शेकडो पत्रं मी वाचली आहेत, वाईट वाटतं पण त्यावरून काहीच करता येत नाही. तू असं लिही: फोनचं मॉडेल हे, अँड्रॉइडची आवृत्ती ही, ॲपची आवृत्ती ही. ॲप उघडल्यावर साधारण दोन सेकंदांनी बंद होतं, दर वेळी. अमुक तारखेपासून, त्याआधी एका नोंदीला इतके फोटो जोडले होते. त्या वेळी स्टोरेज जवळजवळ भरलं होतं, जागा केल्यावरही फरक पडला नाही. असं पत्र आलं की आम्ही तसाच फोन घेतो, तो तसाच भरतो आणि बऱ्याचदा तासाभरात ते ॲप आमच्यासमोर तसंच कोसळतं. कोसळताना दिसलं की दुरुस्ती सुचते.

आज संध्याकाळी फोन चार्जिंगला लाव आणि संगणकापासून सुरुवात कर. शेवटच्या मुलाखतीची शेवटची ओळ दिसली की मला तेवढी एक ओळ टाइप करून पाठव. दिसली नाही तर कशालाही हात न लावता मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. आज मी जागी असेन.

तुझी,
आई