सव्वीस वर्षांची रेल्वे कंपनी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रेल्वेच्या इतिहासाचा विषय निघाला की आपली गाडी १८५३ च्या बोरीबंदर-ठाण्यावरून हलत नाही. मिरज, कोल्हापूर, बेळगावकडे रूळ कोणी टाकले, हे क्वचितच छापून येते. जुन्या मंडळींना ‘एम. एस. एम.’ (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) हे नाव आठवते, पण त्यातल्या ‘एस. एम.’चा, म्हणजे सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा, वेगळा संसार होता याचा पत्ता नसतो.

१८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, विजापूर, धारवाड हा पट्टा होरपळून निघाला. धान्य वेळेत पोहोचावे म्हणून सरकारने हमी देऊन ‘दुष्काळी लोहमार्ग’ काढायला लावले. त्यासाठी १८८२ मध्ये ही कंपनी उभी राहिली आणि १८८४ मध्ये सोलापूरजवळच्या होटगीहून गदगला जाणारा मार्ग सुरू झाला. पण तो मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांचा! होटगीला येणारी जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) मात्र ब्रॉडगेज, रुंद रुळांची. म्हणजे दुष्काळासाठी काढलेल्या मार्गावरच धान्याचे प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाणार. खर्च वाचवण्याचा हा सरकारी हिशेब मला आजही पटत नाही. पुण्यातही तीच तऱ्हा होती, मुंबईहून मिरजेकडे जाणारा प्रवासी तिथे बोचकी घेऊन गाडी बदलायचा. पुण्यातली ही अदलाबदल सुटायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

तरीही कंपनीने केलेले काम थोडे नाही. पुणे-मिरज-बेळगाव मार्ग तिचाच. हुबळीचा कारखाना १८८५ चा, तो अजून चालू आहे. कोल्हापूर दरबारने स्वतःच्या पैशाने बांधलेला मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ मध्ये सुरू झाला, तोही हीच कंपनी चालवत असे.

१९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी विलीनीकरण झाले आणि सगळा कारभार मद्रासला गेला. धारवाडच्या मुख्य कचेरीच्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले.

आपल्या पत्राने या मार्गावर एखादी लेखमाला चालवावी, ही विनंती. तसेच होटगी आणि मिरज स्थानकांवर प्रवाशांना सहज दिसेल अशा जागी कंपनीचे नाव आणि ‘१८८२-१९०८’ एवढे कोरलेला दगड रेल्वेने बसवावा. मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण हा मार्ग दोघांचा आहे.

आपला,
एक वाचक, मिरज