घोड्यावरचे उपचार म्हणजे रपेट नव्हे

महोदय,

घोडेस्वारीने सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असलेल्या मुलांना फायदा होतो, हे ऐकून काही पालक मुलाला माथेरान-महाबळेश्वरच्या घोड्यावर बसवतात. कृपया तसे करू नका. उपचार करते ती घोड्याची संथ, एकसारखी चाल. तिच्या प्रत्येक पावलागणिक मुलाची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूंना हलते, जवळपास माणूस चालतो तशीच. तोल सावरताना पाठीपोटाचे स्नायू कामाला लागतात, मांड्यांचा ताठरपणा सैलावतो. दुडक्या चालीने मात्र तो वाढू शकतो.

यासाठी शांत, शिकवलेला घोडा, त्याला धरून चालणारा एक जण, दोन्ही बाजूंना मदतनीस आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हवा. खोगिराऐवजी बरेचदा गादी घालतात, म्हणजे हालचाल आणि ऊब थेट पोहोचते. २०-३० मिनिटे पुरेत. थकलेले मूल एका बाजूला कलते आणि तीच बैठक अंगवळणी पडते.

हेल्मेट सक्तीचेच. खुबा निखळलेला असेल किंवा फिट्स आटोक्यात नसतील तर बसवूच नये. डाउन सिंड्रोम असल्यास मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी आधी करून घ्यावी. तिथे सैलपणा असेल तर साधा हिसकाही मज्जारज्जूला इजा करू शकतो.

– एक फिजिओथेरपिस्ट, पुणे