बढतीबरोबर प्रशिक्षणही हवे

महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आणि ऐरोली-महापेच्या आयटी कार्यालयांत जो आपले काम सर्वांत चोख करतो, त्यालाच पुढे सुपरवायझर किंवा टीम लीड केले जाते. निवडीचा हा निकष समजण्यासारखा असला, तरी मशीनवरचा निष्णात कारागीर आठ-दहा जणांकडून काम करून घेऊ शकेलच असे नाही आणि ते त्याला शिकवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

या पट्ट्यात अनेक वर्षे पाळीप्रमुख म्हणून काम केल्यावर माझे निरीक्षण असे की, नव्या प्रमुखाची खरी अडचण अधिकार गाजवण्याची नसून जुने काम हातून न सुटण्याची असते. सहकाऱ्याला समजावण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा तो ते दहा मिनिटांत स्वतःच उरकतो. त्या दिवसाचे टार्गेट पूर्ण होते, पण सहकारी शिकत नाही आणि हळूहळू सगळी टीम त्याच्यापाशी खोळंबून राहते. वरिष्ठ त्याला मेहनती म्हणून शाबासकी देतात, हे आणखी वाईट.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्यांची मोठी भरती झाली, तेव्हा १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी योजनेत पर्यवेक्षकांना दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत एकेक विषय शिकवला जाई. काम शिकवण्याच्या पायऱ्या चारच होत्या: शिकणाऱ्याच्या मनाची तयारी, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर अधूनमधून लक्ष ठेवणे. युद्धानंतर जपानी उद्योगांनी ही पद्धत उचलली. आपल्याकडे मात्र घाईघाईने करून दाखवले की शिकवणे संपले, असे मानतात.

चूक दाखवायची ती बाजूला घेऊन. चारचौघांत, आणि आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर, केलेली कानउघाडणी वयाने मोठ्या सहकाऱ्याच्या तर जिव्हारी लागते. मग पुढचा बिघाड तो सांगतच नाही. रासायनिक कारखान्यात हे किती महागात पडते, ते तुर्भे-रबाळेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

टीटीसी (याच पट्ट्यातील ‘ट्रान्स ठाणे क्रीक’ औद्योगिक वसाहत) आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील उद्योजक संघटनांनी असा दहा तासांचा वर्ग मराठीतून, पाळ्यांच्या वेळा सांभाळून चालवावा आणि कंपन्यांनी बढतीनंतरचे तीन महिने नव्या प्रमुखाचे स्वतःचे काम निम्म्यावर आणावे. त्यामुळे उत्पादन थोडे घटले, तर ती घट प्रशिक्षणाच्या खर्चात धरावी.

– एक निवृत्त पाळीप्रमुख, ऐरोली