नीतिसमितीचे प्रशिक्षण कोणाच्या पैशाने?

महोदय,

२००९ साली तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा संशोधन प्रकल्प सुरू झाला. खम्मममध्ये पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे पुढे संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालातही आले. सह्या करणाऱ्यांना आपण काही गैर करतोय असे वाटलेही नसेल! संशोधकांना आणि संशोधनाला मंजुरी देणाऱ्या रुग्णालयांतल्या नीतिसमित्यांना हेच तर शिकवावे लागते, आणि शिकवायला पैसा लागतो.

विकसनशील देशांत तो बराचसा बाहेरून येतो. अमेरिकेची फोगार्टी ही सरकारी आरोग्य-संशोधन संस्था २००० पासून संशोधननीतीच्या अशा प्रशिक्षणाला अनुदान देत आली. चांगलेच आहे, पण तिकडचे धोरण फिरले की इकडचे वर्ग बंद पडायचे का? यूजीसीने पीएचडीसाठी संशोधननीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला खरा, पण त्याचा भर वाङ्मयचौर्य, जर्नल्स आणि सायटेशनवर. निरक्षर आईला औषधाची चाचणी समजावून कशी सांगावी, याला तिथे फारशी जागा नाही.

औषध कंपन्या आपल्या चाचण्या तपासण्यासाठी नीतिसमित्यांना शुल्क भरतातच. त्यातला ठरावीक हिस्सा समितीतील सदस्यांच्या, विशेषतः डॉक्टर नसलेल्यांच्या, प्रशिक्षणासाठी राखावा. आणि तो रुग्णालयाच्या खात्यात नको, आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) जमा व्हावा.

— एक निवृत्त प्राध्यापक, सांगली